स्वीडिशमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे लग्न झालेला आणि ‘गिफ्ट’ म्हणजेच विष, हे नक्की काय प्रकरण आहे?

प्रश्न असा आलाय की एका ताईंचा भाचा लिन्शॉपिंगला मास्टर्स करायला गेलाय, तिथे नाव नोंदवल्यावर त्याने टॅक्स ऑफिसकडून नोंदणीचा दाखला काढला, त्यावर वैवाहिक स्थितीच्या पुढे ‘ऊगिफ्ट’ असं छापलेलं, पठ्ठ्याने ॲपमध्ये बघितलं तर गिफ्ट म्हणजे विष आणि पुढचा ‘ऊ’ म्हणजे नकार, मग काय, फॅमिली ग्रुपवर दाखल्याचा फोटो टाकून खाली लिहिलं की मी बिनविषारी आहे असं स्वीडन सरकारने लेखी दिलंय. ताई रिटायर्ड शिक्षिका, त्यांना जोक आवडला पण समाधान झालं नाही. त्या विचारतात की हे दोन वेगळे शब्द आहेत का योगायोगाने सारखे झालेले, का एकच शब्द आहे, आणि इंग्रजी गिफ्टचा याच्याशी काही संबंध आहे की नाही.

मी मूळची साताऱ्याची, गेली २२ वर्षं गोथेनबर्गमध्ये अनुवाद आणि दुभाषाचं काम करते, म्हणजे जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, कोर्टाचे कागद, दवाखान्यात पेशंट आणि डॉक्टरच्या मधे बसणं वगैरे. या एका शब्दाने मला जेवढं हसवलंय आणि जेवढं कामाला लावलंय तेवढं दुसऱ्या कुठल्याच नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

थोडक्यात हवं असेल तर एवढंच की शब्द मुळात एकच आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘देणं’. लग्न झालेला, विष आणि इंग्रजीतली भेटवस्तू ही तिन्ही एकाच ‘देणं’ची पोरं आहेत, फक्त तिघं वेगवेगळ्या घरांत वाढली. आणि ताई, तुम्ही मराठी आहात म्हणून सांगते, हे समजायला तुम्हाला स्वीडिश माणसापेक्षा सोपं जाईल, कसं ते पुढे येतंच.

आधी उच्चार. स्वीडिश आणि नॉर्वेजियनमध्ये तो गिफ्ट नाहीच, तो आहे ‘यिफ्त’. त्यांच्याकडे इ, ए असल्या मऊ स्वरांच्या आधी ग आला की त्याचा य होतो. माझं गावच बघा, आपण गोथेनबर्ग म्हणतो, इथले लोक म्हणतात ‘यॉतेबॉरि’. आणि शेवटचा त हा आपला मराठी त आहे, दातांना जीभ लावून म्हणायचा, इंग्रजी ट नाही, इथे मराठी माणसाला फुकटात मार्क मिळतात. डॅनिशमध्ये मात्र ग तसाच राहिलाय, ते ‘गिफ्त’च म्हणतात. हा ग आणि य चा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याची एक मजा आहे.

आता व्याकरण. ‘हान ए यिफ्त’ म्हणजे तो विवाहित आहे, इथे ते विशेषण. ‘एत्त यिफ्त’ म्हणजे एक विष, इथे ते नाम, नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘यिफ्तेर’. वाक्यात गोंधळ जवळजवळ कधीच होत नाही कारण जागाच वेगळ्या आहेत, आपण नाही का ‘कर’ म्हणजे हात, टॅक्स आणि ‘काम कर’मधला कर असे तिन्ही न अडखळता वापरतो. गोंधळ होतो तो आपल्यासारख्या नवीन माणसाचा. मी आले तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात भाषेच्या वर्गात ओळख करून द्यायची होती, मला वाटलं विशेषण करायचं तर शेवटी काहीतरी लागत असणार, इंग्रजीत असतं तसं, म्हणून मी उभी राहून ठणकावून सांगितलं, ‘या ए यिफ्तिग’. यिफ्तिग म्हणजे विषारी. बाई शांतपणे म्हणाल्या, मग आम्ही जरा लांब बसतो. आणि गंमत म्हणजे वर्गातल्या बाकीच्या कुणालाच कळलं नाही, सगळे माझ्यासारखेच.

तर भाच्याला सांगा, ‘ऊयिफ्त’ म्हणजे अविवाहित आणि ‘ऊयिफ्तिग’ म्हणजे बिनविषारी. सरकारने त्याला दुसरं सर्टिफिकेट अजून दिलेलं नाहीये.

बरं, आता मूळ. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये ‘गेब’ असा धातू आहे, देणे, त्याच्यातूनच इंग्रजी गिव्ह, जर्मन गेबेन, स्वीडिश यिवा. त्याला त चा प्रत्यय लागून झालं नाम, गिफ्त, म्हणजे ‘देणं’ ही क्रिया आणि ‘दिलेलं’ ती वस्तू, दोन्ही. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंग लोक जी भाषा बोलायचे तिच्यात, गिफ्त म्हणजे भेट असाही अर्थ होता आणि नशीब असाही होता, जे वरून दिलं गेलंय ते. आइसलँडिकमध्ये ‘गिफ्ता’ म्हणजे अजूनही सुदैव. हे आपल्याला वेगळं समजवायची गरज नाही, ‘देवाने भरभरून दिलंय’ म्हणतो तेव्हा आपण तेच म्हणत असतो.

आणि याच नामावरून क्रियापद झालं, गिफ्ता, मुलगी लग्नात देणे.

इथे मी नेहमी थांबते, कारण स्वीडिश लोकांना हे सांगितलं की ते जरा चमकतात, त्यांना आपल्या रोजच्या शब्दात हे दडलंय याची जाणीवच नसते. आणि मराठी माणसाला सांगितलं की तो म्हणतो, हो मग? माझी आजी कुणाच्याही मुलीबद्दल विचारताना ‘लग्न कुठे झालं’ असं विचारायचीच नाही, ती विचारायची ‘कुठं दिली?’ आणि उत्तर यायचं, ‘थोरलीला कराडला दिली, धाकटीला वाईत’. दिली, एवढंच, लग्न हा शब्द सुद्धा नाही. कन्यादान आहेच. साखरपुडा झालेल्या मुलीला वाग्दत्त वधू म्हणतात, शब्दाने दिलेली. स्वीडिश ‘यिफ्त’ हे नेमकं ‘दिली’ आहे, भूतकाळी कृदंत, दिलेली. तेव्हा ‘हून ए यिफ्त’चा मूळ अर्थ ती विवाहित आहे असा नव्हताच, तो होता, तिला दिलेली आहे. मुलगी देऊन टाकणे याला तर अजून शब्द आहे, ‘यिफ्ता बॉर्त’, बॉर्त म्हणजे दूर, लांब. आपण म्हणतो ना मुलगी उजवली, तसं, पण हा शब्द जास्त कोरडा वाटतो मला, जरा माल रवाना केल्यासारखा.

मग पुरुषाचं काय? त्याला कोण देणार? जुन्या नॉर्समध्ये त्याच्यासाठी शब्दच वेगळा होता, त्याचा अर्थ बायको आणणे, म्हणजे लेकी द्यायच्या आणि सुना आणायच्या हा हिशोब भाषेतच बसवलेला. आइसलँडिकमध्ये विवाहित पुरुषाला ‘क्वाइन्तुर’ म्हणायची पद्धत आजही आहे, म्हणजे बायकोवाला, आणि बाईला ‘गिफ्त’, दिलेली. अर्थात रोजच्या बोलण्यात आता गिफ्त हा शब्द त्याची रूपं बदलून दोघांनाही चालतो. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये तर हा फरक कधीच पुसला गेला, तिथे बाप्याही दिलेलाच. पूर्वी हे सांगताना मला हसू यायचं, आता वाटतं की समानता अशीही येते, कायदा बदलायच्या आधी शब्द सैल होतो.

कायद्यावरून आठवलं. कोर्टाचे जुने कागद कधी हातात आले तर त्यात एक माणूस भेटतो, ‘यिफ्तुमान’, म्हणजे शब्दशः देणारा माणूस. मुलगी द्यायचा हक्क कायद्याने ज्याला आहे तो, बहुतेक वेळा बाप, बाप नसेल तर भाऊ किंवा जवळचा नातेवाईक. हा मध्ययुगातल्या प्रांतांच्या कायद्यांपासून आहे. १२९६ च्या उपलांड प्रांताच्या कायद्यात तर देताना म्हणायचं वाक्यच दिलंय, त्याचा आशय असा की मी तुला माझी मुलगी देतो, मानासाठी आणि घरधनीण म्हणून, अर्ध्या बिछान्यासाठी, कुलपं आणि किल्ल्यांसाठी, आणि तुझ्या चीजवस्तूंमधल्या कायदेशीर तिसऱ्या हिश्श्यासाठी. मला यातल्या किल्ल्या फार आवडतात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली घरची मालकीण आपण आपल्या वाड्यांमध्ये पण पाहिलीये, सासूने सुनेला किल्ल्या दिल्या म्हणजे खरं लग्न झालं असं आमच्याकडे गमतीने म्हणायचे.

१७३४ च्या मोठ्या स्वीडिश कायद्यातही हा देणारा माणूस आहे. पुढे १९ व्या शतकात हे हळूहळू ढिलं होत गेलं आणि १९२० साली नवा विवाह कायदा झाला, तो १ जानेवारी १९२१ पासून लागू, त्यानंतर लग्न झालेल्या बाईवर नवऱ्याचं पालकत्व राहिलं नाही. देणारा माणूस गेला, शब्द राहिला. आजच्या कायद्यात पण तुम्हाला ‘यिफ्तुरेत्सगूद्स’ असा जिभेचा व्यायाम भेटेल, म्हणजे नवरा-बायकोची ती मालमत्ता जी घटस्फोटात किंवा कुणी गेल्यावर दोघांत वाटली जाते. मी हा शब्द वर्षातून दहावीस वेळा तरी मराठीत किंवा इंग्रजीत उतरवते आणि दरवेळी त्याच्या पोटातला ‘देणं’ बाहेर राहतो, ‘वैवाहिक मालमत्ता’ लिहावं लागतं, दुसरा इलाज नाही.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. हल्ली स्वीडनमध्ये बऱ्याच मुलींना वाटतं की लग्नात वडिलांनी हात धरून चर्चमध्ये न्यावं आणि नवऱ्याच्या हातात द्यावं, इंग्रजी सिनेमांत असतं तसं. इथली रीत तशी नाही, नवरा-नवरी दोघं एकत्रच चालत आत जातात. त्यामुळे पाद्री लोकांमध्ये यावरून वाद आहे, बरेच जण म्हणतात की मुलगी ही द्यायची वस्तू आहे का, हे आम्ही करणार नाही. म्हणजे शब्द आठशे वर्षं ‘दिली, दिली’ म्हणतोय आणि विधीला मात्र ते चालत नाही. मी एका लग्नात या वादात दोन्ही बाजूंची दुभाषी होते, मुलीचे वडील पुण्याचे, त्यांना कन्यादान करायचं होतं, त्यांना हे समजावताना मला घाम फुटला.

आता विष. हा भाग मला जास्त आवडतो.

स्कँडिनेव्हियात विषाला त्यांचा स्वतःचा शब्द होता, ‘एइत्र’. जुन्या नॉर्स कथांमध्ये तो सगळीकडे सांडलेला आहे. जगाच्या आधी ज्या थंडगार नद्या होत्या त्यांच्या विषाच्या थेंबांतून पहिला राक्षस यमिर झाला. लोकी नावाच्या कपटी देवाला शिक्षा म्हणून खडकाला बांधलं आणि त्याच्या डोक्यावर साप टांगला, सापाचं एइत्र ठिबकतंय आणि बिचारी सिग्युन, त्याची बायको, वाडगं धरून उभी, वाडगं ओतायला गेली की थेंब त्याच्या तोंडावर आणि त्याच्या तडफडण्याने भूकंप होतो. आणि शेवटच्या युद्धात थोर नावाचा देव एका महासर्पाला मारतो खरा पण त्याच्या विषाने नऊ पावलं चालून कोसळतो. या कुठल्याच कथेत विषाला गिफ्त म्हटलेलं नाही.

तो जुना शब्द मेला नाही, कोपऱ्यात जाऊन बसला. आइसलँडमध्ये विषाला आजही ‘एइतुर’च म्हणतात. स्वीडिशमध्ये ‘एत्तेर’ आहे, पण तो सापाच्या दाताचा किंवा जिभेवरचा, जरा पुस्तकी, आपल्या ‘गरळ’सारखा. आणि सगळ्यात भारी म्हणजे डॅनिशमध्ये कोळ्याला ‘एडरकॉप’ म्हणतात, त्यातलं एडर हे तेच विष. डॅनिश माणूस भिंतीवरचं जळमट काढताना हजार वर्षं जुनं विष तोंडात घेऊन बोलत असतो आणि त्याला पत्ताही नसतो.

मग गिफ्त हे विष आलं कुठून? जर्मनीतून, व्यापाऱ्यांबरोबर. १३ व्या ते १५ व्या शतकात बाल्टिक समुद्राच्या व्यापारावर हॅन्सा म्हणून उत्तर जर्मन व्यापारी शहरांचा जो संघ होता त्यांचं राज्य होतं म्हणा ना, ल्युबेक त्यांचं मुख्य शहर, इकडे गॉटलंडवर विस्बी, नॉर्वेत बर्गनचा धक्का, आणि स्टॉकहोममध्ये तर एवढे जर्मन की नगरसभेत त्यांचे लोक निम्म्यापेक्षा जास्त नकोत असं कायद्यात लिहायची वेळ आली. १४७१ मध्ये डॅनिश राजाला ब्रुंकेबेरीच्या लढाईत हरवल्यावर मग ती जर्मन निम्मी बाजू पण काढून टाकली. माणसं काढली पण शब्द कोण काढणार. पैसे भरणे, खिडकी, भाषा, काम करणे, युद्ध, असले रोजचे स्वीडिश शब्द त्या व्यापाऱ्यांच्या खालच्या जर्मनमधून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या बोलीतून आलेत. खिडकीचं तर असं झालं की जुन्या नॉर्समध्ये तिला ‘वाऱ्याचा डोळा’ म्हणायचे, तो शब्द इंग्रजांनी उचलला, विंडो, डॅनिश आणि नॉर्वेजियन लोकांनी जपला, आणि स्वीडिशने तो सोडून जर्मन ‘फेन्स्तेर’ घेतला. आपल्याकडे फारसीने केलं तसंच, बाजार, दुकान, हिशेब म्हणताना आपल्याला कुठे जाणवतं.

तर जर्मन लोकांकडे गिफ्तचा अर्थ विष कसा झाला ते बघा. ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणायचे, दोसिस म्हणजे शब्दशः ‘देणं’, एका वेळी द्यायचं तेवढं. तो लॅटिनमध्ये गेला, वैद्यकाच्या पुस्तकांत बसला, आणि जर्मन भाषेत त्याचा सरळ शब्दशः अनुवाद झाला, गिफ्त, देणं. पेशंटला जे दिलं ते. आणि मग जे शत्रूला दिलं ते. विष असं उघड म्हणायचं नसतं, ‘त्याला काहीतरी दिलं’ असं म्हणायचं असतं. हळूहळू झाकायला घेतलेला शब्दच उघडा पडला आणि भेटवस्तू हा जुना अर्थ जर्मनमध्ये जवळजवळ संपला, कारण विषाच्या शब्दात वाढदिवसाची भेट कोण देणार. जुन्या स्वीडिशमध्ये ‘फोरयिफ्त’ असंही रूप दिसतं, ते पण तिकडचंच.

हे आपल्याला परकं वाटायला नको. आपण उंदराचं औषध म्हणतो, ढेकणाचं औषध म्हणतो. उंदराला बरं करायचं असतं का त्या औषधाने? शेतात औषध मारायचंय म्हणतात, ते पण विषच. गावाकडे एखाद्याने जीव दिला तर दबक्या आवाजात सांगतात ‘त्यानं औषध घेतलं’, विष हा शब्द तोंडातून निघत नाही. स्वीडिशमध्ये उंदराच्या औषधाला म्हणतात ‘रॉत्तयिफ्त’. फ्रेंच-इंग्रजी पॉयझनचं पण असंच झालंय, तो मुळात लॅटिन ‘प्यायचं ते’, नुसतं पेय. जगभर माणसं विषाचं नाव घेताना इकडे तिकडे बघतात.

आणि आता तो ग्रीक दोसिस जरा जवळून बघा. तो ज्या धातूतून आलाय तो आणि संस्कृतचा ‘दा’ एकच, म्हणजे दान, दत्त, दत्तक, आपलं मराठी देणं, आणि डॉक्टरचा डोस हे सगळं एकाच घराण्यातलं. लॅटिनमध्ये त्याच धातूतून ‘दोस’ झालं, म्हणजे मुलीबरोबर दिलेलं धन, ज्याच्यापासून इंग्रजी डाउरी. म्हणजे एका घराण्यात ‘दा’पासून डोसही झाला, डाउरीही झाली आणि कन्यादानही. दुसऱ्या घराण्यात ‘गेब’पासून विषही झालं, हुंडाही झाला आणि लग्नही. दोन्हीकडे तेच तीन. हे जेव्हा मला पहिल्यांदा दिसलं ना, तेव्हा मी लायब्ररीत एकटीच जोरात हसले होते आणि एका आजोबांनी मागे वळून बघितलं होतं.

हुंड्याला स्वीडिशमध्ये ‘हेमयिफ्त’, घरून दिलेलं, आणि डॅनिशमध्ये ‘मेदगिफ्त’, बरोबर दिलेलं. विषावरच्या उताऱ्याला डॅनिशमध्ये म्हणतात ‘मोदगिफ्त’, विषाच्या विरुद्धचं. मेदगिफ्त आणि मोदगिफ्त, एका स्वराचा फरक, एक हुंडा आणि एक उतारा. मी नवीन दुभाष्यांना शिकवताना हे मुद्दाम फळ्यावर लिहिते कारण हे चुकलं तर दवाखान्यात भलतंच होऊन बसेल.

इंग्रजी गिफ्टचं राहिलंच. इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द होता, लिहायचे ग ने पण म्हणायचे ‘यिफ्त’, आणि अर्थ काय होता सांगा? बायकोसाठी द्यायची किंमत. आणि अनेकवचनात लग्न. म्हणजे तिथेही तेच! मग ९ व्या शतकात व्हायकिंग इंग्लंडात येऊन राहिले, उत्तर आणि पूर्वेकडचा मोठा भाग त्यांच्या ताब्यात होता, त्यांच्या नॉर्समधला कडक ग वाला गिफ्त, अर्थ भेट, हा इंग्रजीत घुसला आणि घरचा यिफ्त बाहेर पडला. गिव्ह पण तसाच, त्याचा कडक ग व्हायकिंगांचा. आता ती ग-यची मजा. पुढे स्वीडिश आणि नॉर्वेजियनने आपला ग मऊ करून य केला. म्हणजे आज इंग्रज माणूस ‘गिफ्ट’ म्हणताना व्हायकिंगांचा उच्चार जपतोय आणि स्वीडिश माणूस ‘यिफ्त’ म्हणताना जुन्या इंग्रजांसारखा बोलतोय. अदलाबदल झाली आणि दोघांनाही माहीत नाही.

बरं मग स्वीडिशमध्ये भेटवस्तूला काय म्हणतात? लिहितात ‘ग’ने आणि इथे मात्र म्हणतातही ‘ग’नेच, ‘गोवा’. हो, अगदी आपल्या गोव्यासारखंच. त्याच ‘देणे’च्या कुटुंबातला आहे. मी पहिल्या डिसेंबरात दुकानात ‘गोवा’ ऐकून वळून बघितलं होतं, म्हटलं कोण आपल्याकडचं आलंय.

भाच्यासाठी थोडं कामाचं पण सांगते, कारण त्याच्या पेटीत येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या पत्रात हा यिफ्त दिसणार आहे आणि तो प्रत्येक वेळी विष किंवा लग्न समजून बसेल. ‘आवयिफ्त’ म्हणजे फी, बँकेची, पार्किंगची, कसलीही. डॅनिशमध्ये तोच शब्द सरकारी करासाठी, नवीन गाडी नोंदवायचा जो आफगिफ्त आहे त्याचा वरचा दर १८० टक्के होता, नंतर कमी करून १५० केला, तिथे विष हा अर्थ घेतला तरी चालेल. ‘ऊतयिफ्त’ म्हणजे खर्च, बाहेर दिलेलं. ‘उप्पयिफ्त’ म्हणजे काम, असाइनमेंट, आणि माहिती सुद्धा, सगळ्यात आधी त्याला गोंधळात पाडणारा शब्द हाच असेल. पण ‘यिफ्तफ्री मिल्यो’ असं दिसलं तर ते विषमुक्त पर्यावरण, स्वीडनने ठरवलेल्या सोळा पर्यावरण उद्दिष्टांपैकी एक, लग्नमुक्त नव्हे. आणि ‘यिफ्त-इन्फॉर्मशून्स-सेंत्रालेन’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ती भेटवस्तूंची चौकशी खिडकी नाही, घरात लहान मुलाने काही गिळलं तर सल्ला घ्यायचं ठिकाण आहे. पुढेमागे त्याला मुलंबाळं झाली की हा नंबर फ्रिजवर चिकटवायचा.

आणि तो ‘लग्न म्हणजेच विष’ जोक, तो त्याला प्रत्येक पार्टीत कुणीतरी ऐकवेल, स्वीडिश लोक स्वतःच ऐकवतात, हसून द्यायचं. मला विचाराल तर जोक फुसका आहे, कारण त्यात कोणी कोणाला दिलं हे हरवतं.

ताईंचा मुळातला प्रश्न, एक शब्द का दोन. स्वीडिश शब्दकोशात त्यांच्या नोंदी वेगळ्या दिलेल्या असतात आणि ते बरोबरच आहे, कारण लग्नाचा यिफ्त घरचा, व्हायकिंगांपासूनचा, आणि विषाचा यिफ्त जर्मनीहून जहाजातून आलेला. एकच पूर्वज, पण एक भाऊ घरीच राहिला आणि दुसरा परदेशात धंदा बिघडवून परत आला, असं समजा.

माझ्या टेबलावर एक बाटली आहे, रविवारच्या जुन्या बाजारात मिळाली, तपकिरी काच, सहा बाजू, बाहेरून कंगोरे काढलेले, अंधारात हाताला कळावं म्हणून विषाच्या बाटल्या अशा करायचे. वर पिवळं पडलेलं लेबल, कवटी आणि खाली ठळक चार अक्षरं, गिफ्ट. मी तिच्यात पेनं ठेवते. भारतातून कोणी आलं की विचारतं, ही तुला कोणी गिफ्ट दिली?

आणि हे पार्सलचं सांगितलं नाही तर उत्तर अर्धं राहील, शिवाय भाच्याच्या घरचे आता दिवाळीला फराळ पाठवणारच. माझं पहिलं वर्ष, आईने साताऱ्याहून खोकं पाठवलं, चकल्या, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी. कस्टमवाल्यांना कळावं, ड्युटी लागू नये म्हणून तिने फॉर्मवर तर टिक केलंच, पण खोक्याच्या चारही बाजूंना काळ्या मार्करने वीतभर अक्षरांत इंग्रजीत गिफ्ट लिहिलं. मी घरी नव्हते, शेजारच्या बाईंनी खोकं माझ्या वतीने आणून ठेवलं होतं. वाटेत एक कोपरा फाटलेला, त्यातून पिवळसर पीठ गळतंय, आणि चहूबाजूंनी विष, विष, विष, विष. बाईंनी ते घरात घेतलंच नाही, बाल्कनीत ठेवलं, हातमोजे घालून. संध्याकाळी मी जिना चढून गेले तर त्या दारातच उभ्या, म्हणाल्या, तुझ्या आईशी तुझं काही बिनसलंय का?

मी तिथेच बोट बुडवून मेतकूट चाटून दाखवलं, मग त्यांनी पण थोडं घेतलं, भाताबरोबर, वर तूप नव्हतं म्हणून लोणी. आईला फोन करून सगळं सांगितलं. तेव्हापासून ती फॉर्म नियमाप्रमाणे भरते आणि खोक्याच्या चारही बाजूंना वीतभर अक्षरांत, देवनागरीत, ‘खाऊ’ असं लिहिते.